गुंड चालला कोचीनला

भंडाऱ्यात माझं पितळी भांड्यांचं दुकान आहे. आजकाल गिऱ्हाईक कमी आणि ओट्यावर बसणारे जास्त, त्यामुळे माल खपत नाही आणि किस्से साचत जातात. भांडं चमकवायला निदान चिंच लागते. किस्से नुसते पडल्या पडल्या चमकायला लागतात! बायको म्हणते, "पाटी बदलवा जी दुकानाची. किस्से ठोक भावानं भेटतीन, असं लिहा." लिहीन एखाद्या दिवशी. आज कोचीनचे सांगून टाकतो, म्हणजे "भाऊ, तो गुंडवाला सांगा ना" म्हणून रोज कोणी माझं डोकं खाणार नाही.

ओट्यावरची कायमची माणसं दोन. एक डोमाजी. चिखल्याच्या मँगनीज खाणीतून रिटायर झाला आणि भंडाऱ्यात येऊन राहिला. बोलतो कमी, अडून बसतो जास्त. दुसरे बोरकर सर. शाळेत इतिहास शिकवायचे. रिटायर झाले, पण त्यांचा तास काही सुटलेला नाही.

डोमाजीची पोरगी प्रणाली कोचीनला, जहाजानं माल पाठवणाऱ्या एका ऑफिसात नोकरीला आहे. तिनं तिथलाच एक पोरगा पसंत केला. नाव उन्नी. प्रणालीच्या आईनं, म्हणजे आमच्या वयनीनं, फोनवर पाहूनच हो म्हटलं. डोमाजी मात्र हलेना. जातीपातीचं त्याला काही नव्हतं. त्याचं म्हणणं एकच.

"मले त्याच्यासंग बोलता येईन का? उद्या नातू झाला त त्याच्यासंग मी काय हातवारे करू?"

शेवटी वयनीनं फर्मान काढलं. तिचे गुडघे दुखतात, ती येणार नव्हती. आम्ही तिघांनी जायचं आणि सोबत गुंड न्यायचा.

गुंड म्हणजे आमच्याकडचा पाण्याचा पितळी घडा. पोट मोठं, गळा आवळलेला. पोरीच्या आंदणात तो असतोच. प्रणाली फ्रॉकमध्ये होती तेव्हाच डोमाजीनं माझ्याकडून घेऊन ठेवला होता. त्यावर तिचं नाव मीच टाकलं आणि पुढची जागा जावयासाठी कोरी सोडली.

"पोरगा पसंत पडला त गुंड तिथंच ठेवाचा," वयनी म्हणाली. "नाही पडला त वापस आणाचा. आन् भाऊजी, तुम्ही छन्नी-हातोडी घेऊन जा."

"वापसच येईन तो," डोमाजी म्हणाला.

*

मी घरी सांगितलं, "कोचीनचं बंदर पाहायला चाललो."

बायको भाकरी थापत होती. आमच्याकडे अर्धं बोलणं हिंदीत चालतं, त्यामुळे बंदर म्हटलं की आधी शेपटीच दिसते.

"बंदर पाहाले इतक्या दूर कायले जाता?" ती म्हणाली. "आपल्या छपराच्या कवेलूवर नाचून राहिले ते कमी पडले का?"

मी म्हटलं, "अवं, जहाजाचं बंदर!"

"जहाजावर बी चढले का आता मेले!"

*

नागपूरहून गाडी. समोरच्या सीटवर पुण्याचं जोडपं. नवऱ्याची नागपुरात नुकतीच बदली झालेली, सुट्टी काढून केरळ बघायला निघालेले. बाई पाय लांब करायला लागल्या तसं मी म्हटलं, "ताई, जरा जपून. सीटखाली आमचा गुंड आहे."

बाईंनी पाय झटकन वर घेतले.

"गुंड?"

"घाबरू नका," डोमाजी म्हणाला. "पोट्टीच्या लग्नासाठी घेऊन चाललो."

बाई नवऱ्याकडे सरकल्या. इथं सरांनी गप्प बसायला हवं होतं. पण नाही! ते म्हणाले, "पोराकडचे नीट वागले तरच आम्ही त्याला बाहेर काढणार. नाहीतर गुपचूप परत घेऊन जाणार."

"आणि... ते ओळखीचे आहेत तुमच्या?" बाईंनी विचारलं.

मी अभिमानानं सांगितलं, "माझ्याच दुकानातला आहे. असे पन्नास ठेवले आहेत मी."

दुपार झाली. आम्ही डबा सोडला, तांदळाच्या भाकरी आणि चटणी काढली. तेव्हा त्या बाईंचा नवरा खाली वाकून हळूच म्हणाला, "काका, त्यांना पण द्या ना काहीतरी. सकाळपासून उपाशी आहेत ते!"

*

एर्नाकुलम स्टेशनवर प्रणाली आणि उन्नी घ्यायला आले होते. पोरगा सावळा, शांत, डोळ्यांत हसू. मोबाइलवरून मराठी शिकलाय, असं प्रणालीनं आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं डोमाजीच्या पाया पडून हात जोडले आणि एका दमात म्हटलं, "कोचीन नगरीत आपले सहर्ष स्वागत आहे. आपला प्रवास सुखकर झाला असेल अशी मी आशा करतो."

डोमाजी माझ्या कानाशी आला.

"हा पोट्टा आहे का रेल्वेतला अनाउन्सर?"

प्रणालीचं तोंड उतरलं. बापाच्या खांद्यावरचा गुंड ती घ्यायला गेली, त्यानं दिला नाही. उन्नीनं हात पुढे केला, त्यालाही नाही. लॉजवरही ठेवला नाही, का तर तिथलं कुलूप बरोबर नाही म्हणे. पुढं सगळं कोचीन त्यानं खांद्यावर गुंड घेऊनच पाहिलं. परदेशी पाहुणे समुद्र सोडून त्याचे फोटो काढत होते!

*

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर सरांचा तास सुरू झाला. "इथं पूर्वी हे बंदर नव्हतंच. जुनं बंदर वरच्या अंगाला होतं. मग नदीला महापूर आला. जुन्या बंदराचं तोंड गाळानं बुजलं आणि इथं खोल पाण्याची वाट उघडली. त्या एका पुरामुळे हे शहर मोठं झालं. मग पोर्तुगीज आले, डच आले, इंग्रज आले..."

डोमाजी समुद्राकडे पाहत होता. आयुष्यात पहिल्यांदा पाहत होता. आम्हाला वाटलं, त्याचं लक्ष नाही.

"आपल्या वैनगंगेले पूर आला त पंचनामा कराले तलाठी येते," तो म्हणाला. "इथं पोर्तुगीज आले!"

*

तिथंच ती चिनी जाळी. पाण्याकाठी लाकडांचा भलामोठा सांगाडा, मागे दोरांना धोंडे बांधलेले. पाच-सहा माणसं दोर ओढतात तेव्हा जाळं पाण्यातून वर येतं. त्या लोकांनी डोमाजीला बोलावलं. त्यानं गुंड माझ्याकडे दिला, मुंडासं आवळलं आणि दोराला लागला. खाणीतला माणूस, अंगात अजून जोर आहे. जाळं वर आलं. आत चार बोटभर मासोळ्या आणि एक चप्पल.

"एवढं ओढून एवढंसं?" डोमाजी म्हणाला.

सर म्हणाले, "ही पद्धत चीनमधून आलेली आहे, बरं का."

"मंग बरोबर! चायना माल!"

"अरे, शेकडो वर्षं टिकली आहे ती!"

डोमाजीनं चप्पल उलटीपालटी करून पाहिली, पाण्यात टाकली.

"मंग चप्पल चायनाची असंन."

*

मट्टनचेरीच्या गल्लीत शिरलं की नाकात आधी सुंठ जाते, मग मिरे. जुन्या वखारी, वर कवेलू, म्हणजे कौलं. ते पाहून मला घरच्यासारखं वाटलं. तिथं जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. एका म्हाताऱ्या दुकानदारानं डोमाजीच्या खांद्यावरचा गुंड पाहिला आणि आम्हाला आतच ओढलं. भिंगातून बघतो, बोटानं वाजवतो. मग हिंदीत म्हणाला, "बहुत पुराना है. पोर्तुगीज टाइम का."

मी भांड्यांच्या धंद्यात म्हातारा झालो, पण हे ऐकून चाट पडलो.

नावावर बोट ठेवून म्हणतो, "ये देखो, पुरानी लिपि. अब कोई पढ़ नहीं सकता."

"मी पढ़ सकता!" मी म्हटलं. "प्रणाली लिहिलं आहे! हात माझाच आहे!"

त्यानं तरी तो मागितलाच, भाव तुम्हीच बोला म्हणाला. मी डोमाजीला म्हटलं, "देऊन टाक ना बे. नाही तरी वापसच न्यायचा आहे. खांदा तरी हलका होईल."

डोमाजीनं दुकानदाराच्या हातून गुंड ओढून घेतला.

"विकाचा नाही. पोट्टीचा आहे."

आणि आमच्यासाठी न थांबता चालायला लागला.

*

हा किस्सा नाही, पण मध्ये येतो म्हणून सांगतो. बोटीनं खाडी ओलांडत होतो. लोक ऑफिसला जातात तसे बोटीनं जातात, पेपर वाचत. पलीकडे जहाजावर क्रेननं मोठमोठे डबे चढत होते. प्रणाली बोट दाखवून बापाला सांगत होती, हे दुबईला जाईल, ते कोलंबोला. बोलता बोलता ती पुढं उन्नीजवळ गेली. डोमाजी मांडीवर गुंड घेऊन बसला होता.

"भाऊ," तो म्हणाला, "उमर गेली जमिनीखाली. जेवढा माल काढला तो कोणत्या ना कोणत्या बंदरावरच गेला. एक गोटा वापस नाही आला. आता पोट्टी बी बंदरावरच."

मला फार वाईट वाटलं.

*

शेवटच्या दिवशी उन्नीच्या घरी जेवण होतं. अंगणात फणस, मागं खाडीचं पाणी. गावाकडच्या बोडीसारखं, म्हणजे छोट्या तळ्यासारखं, फक्त ही बोडी संपतच नव्हती. केळीच्या पानावर उन्नीच्या आईनं जाड, लालसर भात वाढला. डोमाजीनं शीत दाबून पाहिलं आणि पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला.

"अरे! हा त उसना!"

आमच्याकडे धान आधी उकडून मग भरडतात, त्या तांदळाला उसना म्हणतात. भंडाऱ्यात शेंबडं पोरगंही सांगेल. पण उन्नीचं मराठी मोबाइलमधलं! पानावरून ताडकन उठला.

"नाही, नाही! गैरसमज नसावा! हा तांदूळ आमचा स्वतःचा आहे! आम्ही कोणाकडूनही उसना घेतलेला नाही!"

आईनं विचारलं काय झालं. त्यानं मल्याळीत सांगितलं. माउलीचा चेहरा लाल झाला. ती तरातरा आत गेली आणि तांदळाचं अख्खं पोतं ओढत आणून डोमाजीच्या पानासमोर उभं केलं!

*

जेवणं झाली. डोमाजी व्हरांड्याच्या पायरीवर बसला, बाजूला गुंड. गाडीची वेळ होत आली होती आणि त्यानं अजून हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. प्रणाली दाराला धरून उभी होती. तिनं पानावर घास इकडून तिकडे केला होता, खाल्लं काहीच नव्हतं. सर घड्याळ बघत होते. डोमाजीनं गुडघ्यावर हात टेकला, उठला आणि गुंड उचलून खांद्यावर ठेवला.

प्रणालीनं तोंड फिरवलं.

उन्नी अनवाणीच धावत आला आणि पायरीखाली, डोमाजीच्या समोर उभा राहिला. घाम फुटला होता त्याला. मला वाटलं, आता पुन्हा "सहर्ष" वगैरे काढतो.

तो म्हणाला, "बाबा, तुम्ही मले काहून नाही म्हणून राहिले जी?"

सरांच्या हातातली सुपारी खाली पडली. प्रणालीनं ओढणीत तोंड लपवलं, ती रडत होती की हसत, मला कळलं नाही.

डोमाजी बघतच राहिला. मग म्हणाला, "हे कोणं शिकवलं तुले? मोबाइलनं?"

"नाही जी. आईनं."

"कोणाच्या आईनं?"

"भंडाऱ्याच्या आईनं. फोनवर. रोज संध्याकाळी." आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "तुम्ही भाऊच्या ओट्यावर बसून राहता ना जी, तवा."

डोमाजीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं जसा काही दोष माझ्या ओट्याचाच होता. मग सावकाश खाली बसला. गुंड खांद्यावरून उतरवून माझ्या मांडीत दिला, प्रणालीचं नाव वर करून.

"छन्नी काढ," मला म्हणाला. आणि उन्नीला, "हं, पुरं नाव सांग."

उन्नी ताठ उभा राहिला. त्यांच्यात घराण्याचं नाव आधी, मग वडिलांचं, मग आपलं.

"पुत्तनपुरयिल गोपालकृष्णन उन्नीकृष्णन."

मी छन्नी धरली. कोरी जागा पाहिली. ती सोडताना माझ्या डोक्यात एखादा रमेश होता, फार तर सुरेश.

"डोमाजी," मी म्हटलं, "एवढं नाव इथं मावत नाही."

"मंग गुंड फिरव ना बे!"