गिझरचा धूर कुठं जातो

बोईसरजवळ आमच्या सरावलीच्या बिल्डिंगमधली भांडकुदळ बाई कोण, असं खाली कुणालाही विचारलंत तर तो तुम्हाला तिसऱ्या मजल्यावर माझ्या दाराशी आणून सोडेल. मला त्याचं वाईट वाटत नाही. चौदा वर्षं इथे राहतेय आणि चौदा वर्षं सकाळी माझ्याआधी माझं नाक उठतं. जवळच्या केमिकलच्या कंपन्यांकडून कधी सडक्या अंड्यांचा वास येतो, कधी नेलपॉलिशचा, कधी ज्याला नावच नाही असा. थंडीत हवा हलत नाही, तेव्हा तो घरातच मुक्काम करतो. प्रदूषणाच्या तक्रारीचा नंबर मला पाठ आहे. प्रत्येक निवेदनावर पहिली सही माझी. हा राग खोटा नाही, आजही नाही. पण याच रागापायी मी माझ्या सासूचा जीव घेणार होते, आणि ते मला कुठेतरी सांगून टाकायचंय.

सुरुवात थर्माकोलपासून झाली. आमच्या बाथरूमची जाळी मागच्या डक्टमध्ये उघडते, आणि त्या डक्टमध्ये वास साचून राहतो. मी स्टुलावर चढले, थर्माकोलचा तुकडा मापात कापला आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून जाळी बंद करून टाकली. दुसऱ्या दिवशी वास निम्मा कमी. मी लगेच बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलं, ‘कुणी काही करणार नाही, आपलं आपणच करायचं.’ लोकांनी भराभर अंगठे दिले. मला फार शहाणं वाटलं.

मग बिल्डिंगमध्ये पाइपचा गॅस आला. सगळ्या घरांची जोडणी करायला एक फिटर आला. बोलायला तुटक, कामाला नीट. त्याने शेगडीतले सिलिंडरच्या गॅसचे जेट, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या, काढून पाइपच्या गॅसचे बसवले, ज्योत निळी होईपर्यंत वाकून बघत राहिला, साबणाच्या पाण्याने प्रत्येक सांधा तपासला. मी म्हटलं, आता गिझर. तो बाथरूमच्या दारातच थांबला.

“हा सिलिंडरचा गिझर आहे मॅडम. पाइपच्या गॅसवर नाही चालणार. आणि बाथरूमच्या आत तर मी जोडणारच नाही. बाहेर लावा, धुराचा पाइप बाहेर काढा. नाहीतर सरळ विजेचा घ्या.” मग वर बघून म्हणाला, “ही जाळी का बंद केलीय?”

का बंद केलीय! मी त्याला पंधरा मिनिटं कंपन्यांवर व्याख्यान दिलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ते खरंय, पण ती उघडी ठेवा.” गिझरकडे जाणाऱ्या गॅसच्या नळीला बूच मारून तो निघून गेला. माझा पारा चढला. मी त्याच्या ऑफिसला फोन लावला आणि फिटर उद्धट आहे, काम अर्धवट टाकून गेला, अशी तक्रार नोंदवली. माणूस बरोबर बोलला म्हणून त्याची तक्रार करणारी बाई पाहायची असेल तर ती मीच.

आठवड्याभरात स्टेशनाजवळचा गिझर दुरुस्त करणारा आला. तो गोड बोलायचा. “भाभी, टेन्शन मत लो. पाइप का गॅस ढीला रहता है, जेट का छेद बड़ा करना पड़ता है, बस.” त्याने जेट काढलं, हातातल्या छोट्या ड्रिलने भोक मोठं केलं, फुंकर मारली आणि परत बसवलं. मोजमाप काही नाही, सगळं नजरेच्या अंदाजाने. फिटरने मारलेलं बूचही त्यानेच काढलं. बटण दाबल्यावर गिझर भसकन पेटला आणि पाणी कढत आलं. मी खूश झाले. त्याच दिवशी त्याने आमच्या बिल्डिंगमधले आणखी तीन गिझर करून दिले. त्याचा नंबर त्यांना मीच दिला होता.

माझा नवरा इथल्याच एका कंपनीत बॉयलरवर आहे. आठ तास काचेतून ज्योत बघायचा पगार घेतो. घरच्या गिझरच्या त्या इवल्याशा खिडकीत मात्र त्याने एकदाही डोकावून पाहिलं नाही. बादली भरायची, भसाभस अंगावर ओतायची आणि पाच मिनिटांत बाहेर, अशी त्याची अंघोळ. माझीही तशीच.

डिसेंबरात सासूबाई आल्या. समुद्राकडच्या गावात आमची चिकूची थोडी वाडी आहे, त्या तिथेच राहतात. गुडघे धरले होते, म्हणून बोईसरच्या डॉक्टरकडे महिनाभर शेक आणि व्यायाम करायला मी त्यांना बळेच आणलं. त्यांना घरी उघड्यावर अंघोळीची सवय. मागच्या पडवीपुढे चूल, चुलीवर हंडा, वर माडाच्या झावळ्या. इथे मी त्यांना प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं, नळ सोडून दिला आणि सांगितलं, “गुडघ्यावर गरम पाणी घ्या आई, हवं तितका वेळ. फक्त कडी लावू नका.”

पहिल्याच दिवशी त्यांनी गिझरकडे बोट दाखवलं. “अगो, ह्याचा धूर कुठं जातो?”

“आई, गॅसला धूर नसतो.”

“जाळ पिवळा हाय ना. पिवळा जाळ काजळी धरतो. आमी काय नवीन हाव चुलीला?”

मी आणि नवरा हसलो. मी हे मुद्दाम लिहून ठेवतेय. आम्ही हसलो.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून अंघोळीनंतर त्यांचं डोकं ठणकायला लागलं. मळमळायचं, जेवण नकोसं व्हायचं. दुपारी गॅलरीत बसल्या की बरं वाटायचं. मला कारण आधीच ठाऊक होतं. मला कारण नेहमी आधीच ठाऊक असतं! कंपन्या. गावच्या स्वच्छ हवेतली बाई, तिला हा वास कसा सोसणार? गिझरच्या वरच्या फरश्यांवर काळा थर धरत होता, तो मी घासायचे आणि कंपन्यांच्या नावाने खडे फोडायचे, कारण गॅलरीतही तसाच काळा थर येतो. आणि मग मी काय केलं? थर्माकोलला एका कोपऱ्यात फट पडली होती, ती नव्या चिकटपट्टीने बुजवली. आईंना त्रास होतो म्हणून.

त्या सकाळी वास फार होता. नवरा पहिल्या पाळीला गेलेला. आई अंघोळीला बसल्या, आणि मी तक्रारीचा नंबर लावून फोन घेऊन गॅलरीत गेले. वास आत जाऊ नये म्हणून गॅलरीचं दार मागे ओढून घेतलं. पलीकडच्या माणसाने पत्ता विचारला, मग थांबायला सांगितलं, मग पुन्हा पत्ता विचारला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. “घरात म्हातारं माणूस आहे,” मी ओरडत होते, “गॅसने जीव गेला तर जबाबदार कोण?” हे माझे शब्द. तोंडसुख घेऊन झाल्यावर आत आले, तर बाथरूममधून नळाचा आवाज अजून येत होता, एकसारखा. अंगावर पाणी घेणाऱ्या माणसाचा आवाज तसा येत नाही.

आई स्टुलावरून घसरून भिंतीला टेकल्या होत्या. मान छातीवर. पाणी पायांवरून वाहत होतं. मी हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. आणि मग चौदा वर्षांच्या सवयीने नाक वर करून हुंगलं. काहीच वास नव्हता. साबणाशिवाय कसलाच नाही.

मी नळ बंद केला. त्यांना काखेत हात घालून बाहेर हॉलमध्ये ओढलं, चादर गुंडाळली, दार उघडं टाकून शेजाऱ्यांना ओरडून बोलावलं. रिक्षातून बोईसरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी तोंडाला ऑक्सिजन लावला आणि मग मला विचारलं, “घरात गॅस गिझर आहे?”

“कंपनीचा वास होता मॅडम, सकाळपासून...”

“मी गिझरचं विचारतेय. बाथरूमच्या आत आहे? हवा जायला जागा आहे?”

त्या शांतपणे म्हणाल्या, ज्योत नीट जळत नसली की एक विषारी वायू तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही. माणूस बसल्या जागी झोपतो. “अजून थोडा वेळ गेला असता तर तुम्ही यांना इथे आणलं नसतं.” मी बाकावर बसले. दुपारी आईंनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा पाणी मागितलं. मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

नवरा परस्पर कंपनीतून आला. आईंना बघून, माझं सगळं ऐकून तो घरी गेला आणि क्षणभर गिझर पेटवून बघून पुन्हा दवाखान्यात आला. “काय पिवळी ज्योत आहे!” म्हणाला. “आमच्याकडे अशी दिसली तर आम्ही बॉयलर जागच्या जागी बंद करतो.”

“मग इथे का नाही केलात?” मी दवाखान्यातच किंचाळले. “तिथे बघता आणि घरी डोळे मिटता? आईंनी विचारलं तेव्हा दात काढत होतात!” नर्स धावत आली. खरं तर मीही दात काढले होते.

एवढ्यात ग्रुपवर मेसेज फिरला होता. ‘कंपनीच्या विषारी वायूमुळे आपल्या बिल्डिंगमधील ज्येष्ठ महिला बेशुद्ध.’ खाली संतापलेल्या लोकांची रांग. शेजारच्या सालवड, बेटेगावच्या ग्रुपांवरही तो गेला. संध्याकाळी चार-पाच जण दवाखान्याच्या दारात आले. त्यांना आईंचा मास्क लावलेला फोटो हवा होता, मोर्चाच्या फलकासाठी. इतकी वर्षं मी यांना झोपेतून उठवायला बघत होते, आणि ते आता उठले होते.

नवऱ्याने मला बाजूला घेतलं. “राहू दे ना. नाहीतरी जाळी आपण त्यांच्याचमुळे बंद केली ना? खोटं काय आहे त्यात? उगाच चार लोक म्हणतील, सुनेनं सासूला...”

मी मोहात पडले, हे कबूल करते. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. कंपन्यांनी वास सोडला नसता तर मी थर्माकोल आणला नसता. माझ्या ओठांवर ‘बरं’ आलं होतं. तेवढ्यात आलेल्यांतली एक बाई म्हणाली, “आमच्या दुसऱ्या मजल्यावर तर बाळंतीण आहे हो. तिच्या आईनं परवापासून खिडक्यासुद्धा बंद ठेवल्यात, बाळाला वास लागू नये म्हणून.”

दुसरा मजला. त्या ड्रिलवाल्याने केलेल्या तीन गिझरांतला एक तिथे होता. बाळंतिणीची अंघोळ म्हणजे सकाळ-संध्याकाळ पाऊण पाऊण तास. तेल, शेक, कढत पाण्याचे तांबे, आणि तिच्यानंतर पायांवर घेऊन बाळाची. वारा लागू नये म्हणून दार घट्ट बंद.

“फोटो मिळणार नाही,” मी म्हटलं. “कंपनी नाही, आमचा गिझर होता. जाळी मी बंद केली होती. जा, लिहा ग्रुपवर.” कुणी लिहिलं नाही. मग मीच लिहिलं, त्या तिन्ही घरांना फोन केले. दोघांनी उचलले आणि ‘बघतो’ म्हणाले. दुसऱ्या मजल्यावर कुणी उचलेना. एक जण मला म्हणाला, “ताई, कंपनीनं तुम्हाला काही दिलंय का?” त्याला मी काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

नवऱ्याला आईंपाशी बसवून मी रिक्षाने घरी आले आणि जिन्याने थेट दुसऱ्या मजल्यावर गेले. बाळंतिणीच्या आईने दार उघडलं. आत ओव्याच्या धुरीचा वास, बाथरूममधून पाण्याचा आवाज. मी चपला न काढता आत घुसले आणि बाथरूमचं दार ढकललं. पोरगी पाटावर बसली होती, तेल लावलेली, डोळे जड. बाळाला अजून आणलं नव्हतं. गिझरच्या खिडकीत तोच पिवळा जाळ. मी नळ बंद केला, गॅसचा कॉक बंद केला आणि तिला हाताला धरून बाहेर काढलं.

“कपाळ ठणकतंय का?” मी विचारलं.

“चार दिवस झाले,” ती म्हणाली. “वासानं.”

तिची आई माझ्यावर तुटून पडली. ओली बाळंतीण अशी बाहेर काढतात का, वारं बाधलं तर कोण बघणार? मी तिला डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं, पोरीला आताच दवाखान्यात दाखवा म्हटलं, आणि वर जाळीकडे हात केला. तिथे मापात कापलेला थर्माकोल होता, चारी बाजूंनी चिकटपट्टी.

“हे काढा आधी,” मी म्हटलं.

“अहो, हे तुमीच सांगितलं ना लावायला? तुमचाच फोटो बघून लावलंय आमी.”

मी स्टूल ओढलं, वर चढले आणि थर्माकोल नखांनी ओरबाडून काढला. त्याचे पांढरे मणी माझ्या केसांत अडकले. जाळी मोकळी झाली आणि डक्टमधला वास भपकन आत आला, सकाळचाच, सडक्या अंड्यांचा. बाळंतिणीच्या आईने पदर नाकाला लावला.

“आता ह्या वासाचं काय करू मी?” तिने विचारलं. “घरात बाळ हाय.”

चौदा वर्षं या प्रश्नावर मी तावातावाने बोलत आले होते. मी खाली उतरले तेव्हा तिची पोरगी दवाखान्यात जायला कपडे करत होती. मी स्वयंपाकघरात गेले, खिडकी सताड उघडली आणि त्या फिटरने नीट करून दिलेल्या शेगडीवर बाळाच्या अंघोळीचं पाणी तापत ठेवलं.