मुठीतली ज्वारी

सिस्टरनं माझ्या तळहातावर कापसात गुंडाळलेली चिमूटभर ज्वारी ठेवली. "आजींच्या मुठीत होती," ती म्हणाली, "मूठ सोडतच नव्हत्या." आई गेल्याचं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण मला रडू फुटलं ते ज्वारी बघून.

आई अहमदपूरहून नांदेडला आमच्याकडे राहायला आली ती नातीसाठी. माझ्या ओवीला तेव्हा उडणाऱ्या राजकन्येच्या पुस्तकाचं वेड लागलं होतं. झुंजारी नावाची ही राजकन्या तोंडाला मुखवटा नि पाठीला लाल कापड बांधून आभाळात उडते आणि राक्षसांची हाडं खिळखिळी करते. चित्र बघून आई म्हणाली, "ना कुंकू, ना चप्पल, टॉवेल बांधून हिंडायलीय पोरगी!" पण वाचायला बसली की स्वतःच पदर खोचायची. आयुष्यभर तिनं श्रावणातल्या कहाण्या वाचलेल्या, त्यामुळं झुंजारीलाही तेच नियम लागू झाले. ऐकणाऱ्यानं मुठीत ज्वारीचे दाणे धरायचे, आणि शेवटी "सुफळ संपूर्ण" म्हटल्याशिवाय ना मूठ उघडायची, ना जागचं हलायचं. एकदा राजकन्या मनोऱ्यात कोंडलेली असताना ओवी चुळबुळ करायला लागली.

"आजी, शू लागली."

"दम धर. तिला सुटू दे आधी. कहाणी अर्धी टाकून उठायचं नसतं बाई."

मी स्वयंपाकघरातून ओरडले, "आई, गादी तू धुणार हाईस का?" पण आई कसली ऐकते! दूध उतू जावो की दारात पाहुणे येवोत, ती उठायची नाही. भारी हट्टी बाई. त्या हट्टावरून आमची किती भांडणं झाली असतील...

मग या वर्षी तिच्या फुप्फुसांनी दगा दिला. अतिदक्षता विभागात लहान मुलांना सोडत नाहीत, ओवीसाठी मी सिस्टरच्या अक्षरशः पाया पडले. ओवी पुस्तक घेऊनच आली होती. नुकती पहिलीत गेलेली पोर, पण तिनं खिशातली ज्वारी आजीच्या तळहातावर ठेवली, एकेक बोट मिटवलं आणि अक्षराला अक्षर जुळवत वाचायला लागली. मास्कमागं आईचा श्वास घरघरत होता, सिस्टर दारातून घड्याळ दाखवत होती, माझा जीव टांगणीला लागलेला. झुंजारी मनोऱ्यावर पोचली, राक्षसानं मागून तिचं कापड धरलं... आणि ओवीनं पुस्तक मिटलं.

"अगं, एकच पान राहिलंय. वाच की!"

ती माझ्या कानाशी आली. "न्हाई वाचायचं. संपलं की आजी उठून जाईल."

जिनं जन्मात कहाणी अर्धी सोडली नाही, तिला असं अर्ध्यावर ठेवायचं? त्यातच तिचा जीव अडकून राहिला तर? मी पुस्तक ओढून घेतलं.

"आई, शेवट मी वाचू का गं?"

आईनं डोळे उघडले. आधी माझ्याकडं पाहिलं, मग ओवीकडं... आणि नकारार्थी मान हलवली. ज्वारीची मूठ तिनं छातीशी घेतली. तेवढ्यात सिस्टरनं आम्हाला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. स्वतःचा नियम मोडताना मी तिला तेवढं एकदाच पाहिलं.

तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले. परवा संध्याकाळी मी कुकर चढवून जरा टेकले होते, तर ओवी पुस्तक घेऊन आली. कापसातली ज्वारी तिनं माझ्या हातावर ठेवली. "मूठ मीट, मम्मी." मग राक्षसानं कापड धरलं तिथवर वाचलं आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"आता उठायचं न्हाई हं."

आत कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या. डाळ करपल्याचा वास आला, तरी मी मूठ मिटून बसून राहिले.