छावणीतला आगीचा नकाशा आणि देवगावचे काका

जळालेल्या शहरांचे जुने फोटो आणि नकाशे शोधत फिरायचा मला नाद आहे. पण घरचीच आग मी कधी बघितली नव्हती. संभाजीनगरच्या एका लाकडी दुकानांच्या गल्लीत बाबांचं कापडाचं आणि दिगूकाकांचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं. माझ्या जन्माआधी ती गल्ली जळाली, रखवालदार त्यात गेला. आळ आला काकांच्या स्टोव्हवर. काका शहर सोडून देवगाव रंगारीला गेले, बाबा आईला घेऊन नाशिकला.

त्या दिवसाचे फोटो छावणीतल्या एका वयस्कर छायाचित्रकाराकडे आहेत असं कळलं आणि मी सकाळची एसटी धरली. येवला-वैजापूरमार्गे पाचेक तास लागतात. क्रांती चौकाजवळ नान-खलिया खाल्ला (उशीर केलात तर संपतो) आणि रिक्षानं छावणी गाठली.

छायाचित्रकार चाचांनी टेबलावर नकाशा पसरला. आगीनंतर गल्ली पावलांनी मोजून त्यांनीच काढलेला. दुकानांना आकडे, आणि प्रत्येक फोटो कुठून काढला त्याचा बाण.

"पहला फोटू पानीकी टाकीवरसे. तब बस धुवां निकल रहा था."

धूर सात नंबरातून येत होता. काकांचं तीन नंबर धड होतं, दाराला कुलूप. सात नंबर बाबांचं.

"चाचा, आकडा चुकला असेल."

"बोर्ड पढो, बेटी."

भिंगाखाली बोर्डवर बाबांचं नाव होतं.

"पोलिसांना नाही दाखवला?"

"दिखाने निकला था. तेरे काकाने हात पकडा. बोला, रहने दो."

दुसऱ्या दिवशी घरी फोनवर कळवून एसटीनं देवगाव. काका अंगणात कांदा निवडत होते. मोबाइलवरचा फोटो त्यांनी नीट बघितलाही नाही.

"धूप लावून जेवाया गेला हुता तुजा बाप. रडत रडत मलाच येऊन सांगितलं त्यानं."

"आणि तुम्ही आळ घेतलात?"

"तू पोटात हुतीस, पोरी. मी सडाफटिंग. लई इचार नाय केला."

परतीच्या बसमध्ये माझं डोकं चालेना. रखवालदाराच्या घरच्यांना आजही काकांचंच नाव ठाऊक असणार.

घरी पोचले. मोबाइल अजून पर्समध्येच होता, तोच बाबांनी विचारलं, "दिगूनं सांगितलं का तुला?"

मी मोबाइल काढून फोटो त्यांच्यासमोर ठेवला. तिसऱ्या दिवशी विचारलं, हे ब्लॉगवर लिहू का?

"लिही," बाबा म्हणाले. "त्याचं नाव काढ. माझं घाल."