उषा आणि खाडीवरचे तुतवार

उषा गेली, हे तिच्या सुनेनं फोनवर सांगितलं तेव्हा मी मुलुंडला दातांच्या डॉक्टरकडे बसले होते. अर्धं तोंड बधीर होतं, मला नीट रडताही आलं नाही. नुसतं ‘हं’ म्हणाले... आता दीड महिना झाला. लोक तिच्या कादंबऱ्यांबद्दल बोलतात. मी ऐकते आणि थकते.

आम्ही दोघी भांडुपला एकाच शाळेत शिकवायचो. शाळा सुटल्यावर ती लिहायची आणि रविवारी सकाळी मला खाडीवर न्यायची. फ्लेमिंगो बघायला गर्दी असायची. उषा मात्र चिखलात शेपटी हलवत पळणाऱ्या तुतवारांसाठी थांबायची. चिमणीहून थोडे मोठे, मातकट पक्षी. पावसाळा सरताना हिमालय ओलांडून येतात. तिच्या प्रत्येक कादंबरीत ते कुठेतरी असतातच. मी देवाधर्माची, ती नाही. एकदा चिडून विचारलं, “तुझा कशावर तरी विश्वास आहे का गं?” म्हणाली, “एवढासा पक्षी, दर वर्षी त्याच दगडावर येऊन बसतो. तू देवळात जा, मी इथे येते.”

मग तिचा नवरा गेला, आजारपण आलं, शेवटची कादंबरी अर्ध्यावर राहिली. गेल्या वर्षी रस्त्यासाठी किनाऱ्यावर भराव पडला. या ऑक्टोबरात आम्ही गेलो, तर तो दगडही नव्हता आणि पक्षीही नव्हते. अकरा वाजेपर्यंत ती उन्हात उभी. “सुधा, उद्या परत येऊ,” म्हणाली. माझे गुडघे ठणकत होते. मी म्हटलं, “पुरे आता उषा. नाही येणार ते. माझ्याच्यानं होत नाही.” रिक्षापर्यंत माझी पिशवी तिनंच धरली. त्यानंतर तिनं खाडीचं नाव काढलं नाही. मला वाटलं, तिनंही सोडून दिलं... खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

परवा सुनेनं मला उषाच्या खोलीत बोलावलं. टेबलावर कादंबरीची वही होती. “आई रोज सकाळी रिक्षा करून खाडीवर जायच्या. अडवलं तरी ऐकायच्या नाहीत. तुम्हाला माहीत नव्हतं?” शेवटच्या पानांवर गोष्ट नव्हतीच, नुसत्या नोंदी. आज नाही. आज नाही. आज एक, पण लांब होता, नक्की सांगता येत नाही. मग अक्षर फार वाकडं झालेलं, अ‍ॅडमिट व्हायच्या आदल्या दिवशीचं: ‘उद्या थोडं उत्तरेला बघावं. सुधाला सांगू नये, तिचे गुडघे दुखतात.’