मग बाई म्हणाल्या

हसायचं कुठे आणि डोळे टिपायचे कुठे, याचा पत्ता जन्मभर चुकलेला माणूस बघायचा असेल तर फुलपाड्यात आमच्या इमारतीत या आणि तिसऱ्या मजल्यावरची बेल दाबा. दार उघडतील ते आमचे सर. मी त्यांच्या बरोब्बर खाली, दुसऱ्या मजल्यावर राहतो, म्हणजे गेली कित्येक वर्षं ते अक्षरशः माझ्या डोक्यावर बसलेले आहेत. सर गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले, मी पोस्टातून. पण आमच्यातला खरा फरक वेगळाच आहे. मी विनोदी माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. हे मी म्हणत नाही, सोसायटी म्हणते. सत्यनारायणापासून कोजागरीपर्यंत प्रत्येक कार्यक्रमाचं निवेदन माझ्याकडे असतं. (आमच्या सौभाग्यवतींचं मत निराळं आहे, पण घर की मुर्गी वगैरे.) तर माझ्या एखाद्या किश्श्यावर सगळी गच्ची हसून लोळत असते, आणि पहिल्या रांगेत सर मात्र पुढे वाकून, वर्गात एखाद्या मंद मुलाचं उत्तर ऐकावं तशा सहानुभूतीने माझ्याकडे बघत असतात. सगळ्यांचं हसून झालं की विचारतात, "मग पुढे?"

एकदा मी, चुकून दुसऱ्याच हॉलमध्ये शिरून, परक्याच्या लग्नात आहेर देऊन, जेवून आलेल्या एका पाहुण्याचा किस्सा सांगितला. माझा हुकमी एक्का आहे तो. सरांनी नीट ऐकून घेतला आणि विचारलं, "जेवण चांगलं होतं का?"

"होतं की."

"पोटभर वाढलं?"

"अहो, वाढलं."

"मग त्याचं बिघडलं काय?" सर म्हणाले, आणि माझा हुकमी एक्का तिथेच दुर्री होऊन पडला.

बरं, हा माणूस हसत नाही म्हणावं, तर तसंही नाही. सर हसायला लागले की चौथ्या मजल्यावरचा कुत्रा भुंकतो. पण ते हसणार कशाला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मध्यंतरी आमच्या हिने वजन उतरवण्यासाठी सोळा तास उपाशी राहायचं व्रत घेतलं होतं. भूक कधी दाबायची आणि खायचं कधी, हे तिला मोबाइल सांगायचा. नेमके त्याच वेळी सर वर्तमानपत्र परत करायला आले. हिने त्यांना सगळं शास्त्र समजावून सांगितलं. सर गंभीरपणे ऐकत होते. मग एकदम सोफ्यावर बसले आणि जे हसत सुटले, ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी, ठसका, मी पाठ चोळतोय. "वहिनी," ते कसंबसं म्हणाले, "आम्ही लहानपणी हेच करत होतो हो! आम्हाला फक्त माहीत नव्हतं की हे शास्त्र आहे!" आणि पुन्हा सुटले. ही मात्र हसली नाही. तिचे डोळे भरून आले, आणि व्रत मोडून तिने त्या रात्री सरांकडे खीर पाठवली.

सरांची दुसरी खोड म्हणजे ते प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात. "टाकी भरली, मोटर बंद करा," असं एकदा जिन्यात सांगतील, आणि मी मोटर बंद करून वर येतोय तोच पुन्हा जिन्यात सांगतील. इमारतीतल्या पोरांना ते आवडीने गणित शिकवतात, तेसुद्धा दोनदा. जो धडा सकाळी, तोच दुपारी. पहिल्यापासून, जणू सकाळ उजाडलीच नव्हती. माझी नात एकदा वैतागून त्यांना म्हणाली, "आजोबा, हे अपूर्णांक आम्ही सकाळीच पूर्ण केले ना!" सर म्हणाले, "बाळा, जगात हुशार असं कुणी नसतं. त्याला तीच गोष्ट दोनदा ऐकायला मिळालेली असते, एवढंच." पोरं सरांना चुकवायला गच्चीवर लपतात. पण गणितात या इमारतीतलं एकही पोर आजवर आपटलेलं नाही, हेही सांगायला हवं.

हे दोनदाचं प्रकरण आलं कुठून, ते सरांच्या एका गोष्टीत आहे. ती गोष्ट सर स्वतः अतिशय विनोदी समजतात आणि ती मी किमान तीस वेळा ऐकली आहे. सरांचे वडील मिठागरात मजूर. घर खाडीकाठच्या गावात. घरात सर आणि त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा भाऊ, हरिश्चंद्र. सरांचं नाव गावातल्या सकाळच्या शाळेत. थोरला वडिलांबरोबर मिठागरात राबायचा, तेव्हा पटसंख्या वाढवायला निघालेल्या कुणा मास्तरांनी त्याचं नाव मिठागराजवळच्या शेजारगावच्या शाळेत घालून टाकलं. ती शाळा दुपारची. नाव पटावर, मुलगा मिठात. आता त्या काळी शाळेत मुलांना सुकडी मिळायची. पिवळी, गोडसर, मूठभर. सरांच्या शाळेत मिळायची आणि शेजारच्याही शाळेत मिळायची. तेव्हा थोरल्याने डोकं चालवलं. "माज्या नावानं तू बस. सुकडी घे, अर्दी मना आन."

झालं. सकाळी सर आपल्या नावाने एका शाळेत, दुपारी खाजणाचा बांध तुडवत जाऊन भावाच्या नावाने दुसऱ्या शाळेत. हजेरीला खोटं बोलायचं, आणि तेही हरिश्चंद्राच्या नावाने! इथे सर पहिल्यांदा हसतात. इयत्ता एकच, पुस्तकं तीच. सकाळी गुरुजींनी जे शिकवलं, तेच दुपारी बाई शिकवणार. त्यामुळे बाईंनी प्रश्न विचारायच्या आत हरिश्चंद्राचा हात वर. बाईंना वाटलं, हा मुलगा म्हणजे अवतार आहे. "मी भुकेपोटी शिकलो हो," सर सांगतात, "गणित आपलं सुकडीबरोबर पोटात गेलं!"

अशी चौथी आली. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला प्रत्येक शाळेने आपला सगळ्यांत हुशार मुलगा पाठवायचा. दोन्ही शाळांनी पाठवला. परीक्षेच्या दिवशी गुरुजी सरांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून तालुक्याच्या शाळेत घेऊन आले. फाटकात बाई उभ्या, हातात नवी टोक काढलेली पेन्सिल. सरांना बघून बाई आनंदाने ओरडल्या, "आला बाई माझा हरिश्चंद्र!" गुरुजी म्हणाले, "कोण हरिश्चंद्र?" सर सायकलवरून उतरेचनात. मग बाईंनी त्यांना उतरवलं, चिंचेखाली नेलं, सगळं कबूल करून घेतलं. गुरुजी तिकडे फेऱ्या मारताहेत. "आणि मग बाई म्हणाल्या," असं म्हणून सर जे हसायला लागतात, की बाई काय म्हणाल्या ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. शेवट तेवढा ते हात हलवत उरकतात: पेपर आपल्या नावाने दिला, शिष्यवृत्ती मिळाली, पुढे शिकलो, मास्तर झालो.

ही गोष्ट त्यांनी एकदा गणपतीत स्टेजवरून सांगितली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आमचे सेक्रेटरी, जे मेंटेनन्स थकवणाऱ्या विधवेलाही नोटीस काढतात, ते हुंदके देत होते. सर चिडून माइकवरून म्हणाले, "अहो, हसा ना! विनोदी आहे ही!" तेव्हा तर रडण्याचा कहरच झाला. खाली आल्यावर सर मला म्हणाले, "तुमच्या त्या लग्नातल्या पाहुण्याला हसतात, आणि माझ्या गोष्टीला नाही. सांगण्यात काही चुकतंय का माझं?" ते खरोखर हिरमुसले होते. मी निवेदकाच्या तोऱ्यात त्यांना सल्ला दिला, "शेवटी तुम्ही स्वतःच हसता आणि मुख्य वाक्य गिळता. बाई काय म्हणाल्या, ते सांगा की." सर खुर्च्या आवरायला लागले.

परवाच्या फेब्रुवारीत सर सकाळी सकाळी माझ्या दारात उभे. हातात एक निमंत्रणपत्रिका. चेहरा उतरलेला. त्या दुपारच्या शाळेला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. तिथल्या उत्साही तरुण मास्तरांनी जुनी दप्तरं उपसून वर्षवार पहिला आलेल्या विद्यार्थ्यांची यादी केली होती, आणि जे हयात सापडले त्या सगळ्यांना सत्काराला बोलावलं होतं. पत्रिका हरिश्चंद्राच्या नावाची होती. म्हणजे ज्यांनी त्या शाळेचा उंबरा कधी ओलांडला नाही त्या थोरल्या दादांच्या नावाची. दादा आता चांदीपला मुलीकडे राहतात. मुलीने पत्रिका वाचून दाखवली, आणि दादांनी ती जावयाबरोबर सरांकडे पाठवली होती, निरोपासकट: "मी जानार. तू पन ये."

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "सर, याहून मोठा विनोद आयुष्यात होणार नाही!"

सर खुर्चीत बसले. मग म्हणाले, "बाई म्हणाल्या होत्या, जूनपासून तुझ्या भावाला पाठव. त्याचं नाव मी काढत नाही, ठेवते. मी त्याला वेगळा बसवून पहिलीपासून शिकवीन. त्याला सांग, बाईंनी बोलावलंय."

"मग?"

"मी सांगितलं नाही."

सरांनी पत्रिकेची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "दोघांतला एक जण मिठागरात लागायचाच हो. दादा शाळेत गेला असता तर मला मिठाची पाटी उचलायला जावं लागलं असतं. नऊ वर्षांचा होतो, पण एवढं गणित येत होतं मला." इतकी वर्षं ज्या जागी ते पोट धरून हसत होते, ती जागा अशी होती. मला माझ्या सल्ल्याची लाज वाटली, हे कबूल करतो.

कार्यक्रमाच्या दिवशी दादा आधी सरांकडे आले. पांढरा सदरा, टोपी, नव्या वहाणा. सरांसारखीच चण, पण चेहरा असा की त्यावरची सुरकुती हलायची नाही. सरांनी मला मुद्दाम वर बोलावून घेतलं होतं. चहा झाला. दादा आरशासमोर सदऱ्याची बटणं लावत होते आणि सर एकदम उभे राहून, वर्गात छडी खायला उभं राहावं तसे, म्हणाले, "दादा, त्या बाईंनी तुला शाळेत बोलावलं होतं. चौथी झाल्यावर. मला सांगायला सांगितलं होतं. मी तुला बोललो नाही."

दादांची बोटं गळ्याजवळच्या बटणाशी होती. ते बटण लावायला त्यांना बराच वेळ लागला. "सोता शिकवनार व्हती?" त्यांनी आरशातूनच विचारलं.

"हो."

"रिक्शा आली का बग," दादा म्हणाले.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. नाव पुकारल्यावर दादा सावकाश स्टेजवर चढले. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. आणि मग त्या उत्साही मास्तरांनी त्यांच्या हातात माइक दिला, "दोन शब्द बोला काका, मुलांना प्रेरणा मिळेल." माझ्या शेजारी सरांनी माझं मनगट पकडलं. आता दादा काय सांगणार? या गर्दीसमोर सगळं उघडं केलं तर? आणि केलं तरी त्यांना नावं कोण ठेवणार?

दादांनी माइककडे बघितलं, मुलांकडे बघितलं. "मी या शालेत एक दिस पन आलो नाय," ते शांतपणे म्हणाले. "तरी पयला आलो."

मास्तर हातातली यादी चाळायला लागले.

"तुमी पोरां तं रोज येता. तुमचा काय व्हनार?"

आधी मागच्या बाकावर कुणीतरी फिसकलं. मग अख्खा मांडव फुटला. दादांचा चेहरा जसाच्या तसा. हसणं ओसरेपर्यंत ते थांबले, असं थांबणं मला इतक्या वर्षांत जमलेलं नाही. मग बोटाने आमच्याकडे दाखवून म्हणाले, "आभ्यासाला मी गडी ठेवला व्हता. तो बगा, बसलाय तिथं. गडी कामाचा निगाला." लोक टाळ्या वाजवत हसत होते, मास्तर हसत होते, पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती, आणि मीही सगळं विसरून हसत होतो. सरांची गोष्ट शेवटी लोकांना विनोदी वाटली होती. फक्त सर हसत नव्हते. चष्मा काढून, मान खाली घालून, ते लहान मुलासारखे रडत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार?

परतताना आम्ही तिघं एका रिक्षात. दादा मधे, शाल अंगावर, स्मृतिचिन्ह मांडीवर. त्यावर लिहिलेलं आपलं नाव त्यांनी सरांकडून एकदा वाचून घेतलं. थोड्या वेळाने म्हणाले, "परत वाच," आणि सरांनी ते परत वाचलं. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातशेतं मागे जात होती.

"बाल," दादांनी सरांना विचारलं, "ती बाय चांगली व्हती का रं?"

"चांगली होती, दादा."

"मारायची नाय?"

"कधीच नाही."

दादांनी मान हलवली. रस्त्याकडे बघत, स्टेजवर बोलले होते त्याच आवाजात, ते म्हणाले, "मंग एक दिस तरी यायला पायजे व्हता मी."

सरांनी त्यांचा हात हातात घेतला, आणि चांदीप येईपर्यंत सोडला नाही.