फ्लॉसवर घेतलेला आळ

विल्फ थर्लवेलला हॅरोबर्नच्या रानाचा राखणदार होऊन सव्वीस वर्षं झाली होती आणि या सव्वीस वर्षांत ‘माझं चुकलं’ हे शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. माणूस वाईट नव्हता, पण बरोबर असण्याची त्याला सवय जडली होती. रान मेजर कॅरिक यांच्या मालकीचं. तरी ऑगस्टात माळावरचे ग्राऊज पक्षी कुठून उठतील, सप्टेंबरात सॅमन कोणत्या डोहात थांबेल, नोव्हेंबरात झुडपं बडवून फेझंट पाखरं उठवायच्या हाक्याला वारा कसा लागेल, हे मेजरसाहेबसुद्धा विल्फलाच विचारत. त्याची बायको हिल्डा म्हणायची, “देवानं हे रान केलं तेही तुलाच विचारून केलं असेल.” विल्फला यात टोमणा दिसायचा नाही. असेलही, असंच त्याला वाटायचं.

त्याला मित्र म्हणावा असा एकच माणूस होता, आयझॅक डॉड. जन्मभर मेंढ्या राखल्या, बायको गेली, गुडघे गेले, तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला एका खोपटात राहायला आला. सोबत फ्लॉस, काळी लॅब्रॅडॉर, तोंडावर पांढरी झालेली. सप्टेंबरात संध्याकाळी दोघं गळ टाकून काठावर बसत. तासभर कुणी बोलत नसे. मासा लागला की आयझॅक म्हणे, “लागला,” आणि सुटला की विल्फ म्हणे, “सुटला.” फ्लॉस दोघांच्या मध्ये बसून दोघांच्या हातातल्या पावाकडे आळीपाळीने बघे. शिकारीच्या शनिवारी आयझॅक तिला घेऊन बंदूकवाल्यांच्या मागे उभा राही. पडलेली पाखरं शोधून आणायचं काम तिचं.

विल्फची स्वतःची कुत्री जूनो. तीन वर्षांची, वाऱ्यासारखी पळणारी, त्याने स्वतःच्या हाताने तयार केलेली. तिची पिल्लं मिळावीत म्हणून शेजारच्या खोऱ्यातले राखणदार त्याच्याकडे शब्द टाकून ठेवत, आणि विल्फ ती फार जपून द्यायचा.

त्या वर्षी नोव्हेंबरात पाखरं घेणाऱ्या व्यापाऱ्याने मेजरसाहेबांकडे तक्रार केली. बऱ्याच फेझंटच्या फासळ्या चिरडलेल्या आहेत, मांसात रक्त साकळतं, असला माल कोण घेणार? याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. कुठल्या तरी कुत्र्याचं तोंड कडक झालंय. चांगला कुत्रा पाखरू असं आणतो की अंडंही फुटू नये. एकदा दात दाबायची चटक लागली की ती सुटत नाही, आणि अशा कुत्र्याला रानात जागा नसते. “शोधून काढ,” मेजरसाहेब म्हणाले.

शनिवारी तिसऱ्या हाक्यानंतर दगडी कुंपणाशी सगळे जमले असताना फ्लॉस फेझंटचा एक नर घेऊन आली. विल्फने तो हातात घेतला आणि पंखाखाली दोन बोटं सरकवली. आतल्या फासळ्यांचा पार चुरा झाला होता.

“आयझॅक, तुझीच आहे,” तो सगळ्यांसमोर म्हणाला. “म्हातारीचं तोंड कडक झालंय.”

आयझॅकने पाखरू घेऊन स्वतः चाचपलं. “मोडल्यात खऱ्या,” तो म्हणाला. “पण नऊ वर्षांत कधी असं केलं नाही रे तिनं.”

“वय झालं की होतं.”

“म्हातारीला कवळी बसवून घे, आयझॅक!” हाकाऱ्यांतला एक ओरडला. सगळे हसले. विल्फही हसला. फ्लॉस शेपूट हलवत होती, कारण सगळे तिच्याकडेच बघत होते.

पुढच्या शनिवारी आयझॅक नुसती काठी घेऊन आला आणि हाकाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

“कुत्री कुठंय?” विल्फने विचारलं.

“पुरली. सफरचंदाच्या झाडाखाली.”

“अरे, घरी चुलीपाशी ठेवायची होतीस!”

“दर शनिवारी बंदुका वाजल्या की दाराशी रडत बसली असती. कामाची कुत्री ती.” आयझॅकने काठी दुसऱ्या हातात घेतली. “चल, साहेब वाट बघतायत.”

विल्फला वाईट वाटलं, पण आपण योग्य तेच केलं असंही वाटलं. असं वाटण्याचा त्याला चांगला सराव होता.

डिसेंबरात, हाक्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तो एकटाच जूनोला घेऊन जखमी पाखरं शोधायला गेला होता. गवतावर दव गोठलेलं. समोरून एक मादी उठली, त्याने बार काढला, ती दलदलीतल्या मऊ गवतावर पडली. जूनोने झेप घेतली, मादी आणून त्याच्या हातात दिली. सवयीने त्याची बोटं पंखाखाली गेली.

चुरा.

मग त्याने आणखी एक पाडली, मुद्दाम, त्याच मऊ गवतावर, जिथे नुसतं पडून फासळी मोडत नाही. तिचंही तेच. तिसरी पाडायची हिंमत त्याला झाली नाही.

आणि मग त्याला ते कुंपण आठवलं. खरं तर तो ते विसरलाच नव्हता. तो नर आधी जूनोने उचलला होता. घेऊन येताना पुढे एक जखमी पाखरू धावताना दिसलं, तेव्हा तिने तोंडातला टाकला आणि त्याच्यामागे गेली. टाकलेला नर मागाहून फ्लॉसने उचलून आणला. हे विल्फने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि मनात येऊ दिलं नव्हतं, कारण जूनो त्याची होती.

त्या दोन माद्या त्याने दगडाखाली दडपल्या. घरी येऊन बूटही न काढता हिल्डाला सगळं सांगितलं.

“मग त्याला सांग,” ती म्हणाली.

“काय सांगू?”

“आत्ता मला सांगितलंस तेच.”

सांगतो म्हणाला. पण नाताळ जवळ आला होता, सणासुदीला कशाला, असं झालं. नाताळ झाला तर बर्फ पडलं. त्याने आयझॅकच्या दारात फोडलेली लाकडं रचून दिली. ससा नेऊन दिला. हिल्डाने केलेला केक नेला. परत चार दिवसांनी अजून एक ससा.

“काय रे,” आयझॅक म्हणाला, “माझे दिवस भरलेत असं डॉक्टरनं तुला सांगितलंय की काय? मला तर काही बोलला नाही.”

विल्फ हसला आणि खिडकीतून त्याला ते सफरचंदाचं झाड दिसलं. परतीच्या वाटेवर त्याला स्वतःचीच शिसारी आली. तरी जूनोला तो दर शनिवारी नेतच राहिला. तिला घरी ठेवली असती तर लोकांनी कारण विचारलं असतं. तिने आणलेलं प्रत्येक पाखरू तो आधी स्वतः चाचपायचा आणि चिरडलेली पाखरं कोटाच्या आतल्या मोठ्या खिशात घालायचा. घरी पाळलेली दोन फेरेट, मुंगुसासारखी जनावरं, ती पाखरं खाऊन त्या महिन्यात चांगलीच गुबगुबीत झाली. सव्वीस वर्षांचा राखणदार आपल्याच रानात चोरासारखा वावरत होता.

जानेवारीचा शेवटचा शनिवार हाकाऱ्यांचा. त्या दिवशी वर्षभर काठ्या आपटणाऱ्यांच्या हाती बंदुका येतात आणि मेजरसाहेब काठी घेऊन झुडपं बडवतात. चिठ्ठ्या काढल्या. आयझॅकला ओढ्याकडची जागा आली. त्याच्या मागे कुत्रा घेऊन उभं राहायचं होतं विल्फला, कारण तिथे दुसरं कुणी उरलं नव्हतं.

पहिलाच नर उंचावरून आला. आयझॅकने म्हाताऱ्या खांद्याला बंदूक लावली आणि एका बारात पाडला. नर ओढ्यापलीकडच्या लव्हाळ्यात पडला. जूनो हुकमाची वाट न बघता सुटली. विल्फच्या ओठांशी शिटी होती. वाजवली असती तर ती थांबली असती. त्याने वाजवली नाही. बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून त्याने ते काम कुत्रीवर सोपवलं, आणि हेही त्याला त्याच क्षणी कळलं.

जूनो पाखरू घेऊन आली आणि विल्फने पुढे केलेला हात ओलांडून थेट आयझॅककडे गेली. नदीकाठची ओळख होती. आयझॅकने पाखरू घेतलं. त्याची दोन बोटं आपोआप पंखाखाली गेली आणि तिथेच थांबली.

वरून आणखी तीन पाखरं गेली. त्याने बंदूक उचलली नाही.

“कधीपासून माहीत आहे?” आयझॅकने विचारलं.

“डिसेंबर.” विल्फने शिटी खिशात टाकली. “नाही. नोव्हेंबरच. तो नर आधी हिनं उचलला होता. मी पाहिलं होतं. आयझॅक, माझं चुकलं.”

“हे मला इथं ओढ्याकाठी सांगतोयस?” आयझॅकचा आवाज चढला नाही. “तिचं नाव घेतलंस तेव्हा चाळीस माणसं होती. सगळी हसली. तिथं सांग.”

दुपारी कोठारात लांब बाकांवर सगळे जेवायला बसले. दरवर्षी या जेवणात राखणदाराने उभं राहून हंगामाबद्दल दोन शब्द बोलायचे आणि प्याला उंचवायचा, अशी पद्धत. विल्फ उभा राहिला, पण प्याल्याला हात लावला नाही.

“नोव्हेंबरात मी फ्लॉसवर आळ घेतला,” तो म्हणाला. “ती पाखरं चिरडणारी माझी जूनो होती. मला दिसलं होतं. माझी कुत्री चुकली असं मला म्हणायचं नव्हतं, म्हणून आयझॅकची गेली. आणि नंतर कळूनसुद्धा मी दीड महिना गप्प बसलो.”

कवळीचा विनोद करणारा मान खाली घालून पाव कुस्करत होता. विल्फने आयझॅककडे पाहिलं. आयझॅक आपल्या ताटाकडे बघत होता.

“बस आता,” तो म्हणाला. “रस्सा गार होतोय.”

पण विल्फ बसला नाही. बाहेर आला, भिंतीशी टेकवलेली बंदूक उचलली, दोन काडतुसं भरली आणि जूनोला हाक मारली. आयझॅकने जे केलं ते आपणही करायचं, त्याशिवाय हिशेब मिटत नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. जूनो उड्या मारत आली.

कुंपणाच्या फाटकापर्यंत पोचला तोच मागून काठीचा आवाज आला. आयझॅकने त्याच्या हातातली बंदूक घेतली, मधून दुमडून उघडली, दोन्ही काडतुसं काढून स्वतःच्या खिशात टाकली.

“हिला घरी ठेव,” तो म्हणाला. “चुलीपाशी. दर शनिवारी दाराशी रडेल, ते ऐक.”

विल्फला हुंदका आला. तो लपवायचंही त्याला सुचलं नाही. “आयझॅक, मी काय करू सांग रे. काहीही सांग.”

आयझॅक फाटकावर दोन्ही हात ठेवून उभा होता. पलीकडे जूनो वाटेवर पुढे धावत गेली होती आणि हे लोक येतायत की नाही हे बघायला वळून थांबली होती.

“फ्लॉस पण अशीच गेली,” तो म्हणाला. “माझ्या हातात बंदूक दिसली ना, तिला वाटलं शनिवार आहे. सगळी वाट माझ्यापुढे पळत होती.”