तोडीचा उघडा प्रोग्राम

फलटण भागातल्या एका सहकारी साखर कारखान्यात कॉम्प्युटर खातं म्हणजे प्रशांत अहिवळे. एक खोली, दोन मशिनं आणि खडखडणारा प्रिंटर, एवढाच त्याचा संसार. पण साऱ्या ऊसवाल्यांचा जीव त्या खोलीत अडकलेला असायचा, कारण कुणाच्या उसाला तोड कधी मिळणार हे तिथं ठरायचं. ज्याची लागण, म्हणजे लागवड, आधी, त्याची तोड आधी, असा नियम. तोड लांबली की उभ्या उसाला तुरे येतात आणि वजन घटतं.

सुरुवातीला पुण्याच्या एका कंपनीचा प्रोग्राम होता. तो आतून कसा चालतो हे कंपनीबाहेर कुणाला कळत नसे. बिघडला की त्यांचा माणूस सवडीनं यायचा; तोवर शिव्या खायला प्रशांत होताच. सत्त्याण्णव साली एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आली. फुकट, वर सगळं उघडं. हवं ते बदला, कुणाची परवानगी नको. प्रशांत हरखूनच गेला. प्रिंटरनं त्याला महिनाभर रडवलं, विचारायला पंचक्रोशीत कुणी नव्हतं, पण दिवाळीपर्यंत गड्यानं तोडीचा स्वतःचा प्रोग्राम उभा केला. त्या सीडीवाल्यांची एक रीतही त्यानं उचलली. प्रोग्राममध्ये बदल केला की तो कुणी आणि का केला हे तिथंच लिहायचं, आणि मागेल त्याला दाखवायचं.

हंगाम सुरू होताच संचालक सयाजीराव खोलीत येऊन बसले.

“प्रशांत, आमचा ऊस जरा वर घे.”

“आवं आण्णा, जमायचं न्हाई. तुमची लागण उशिराची हाय.”

“कंपनीचा प्रोग्राम हुता तवा जमत न्हाई म्हणलास, मी गप बसलो. आता तूच केलाईस न्हवं? मग बदल की.”

उघड्या प्रोग्रामचा हा तोटा मासिकात छापलेला नव्हता. आता नोकरी जाते, असं प्रशांतला वाटलं. तरी तो म्हणाला, “बदलतो. पर का बदललं ते तुमच्या नावानं लिवावं लागंल. कुणी मागितलं तर दावावं बी लागंल.”

सयाजीराव तसेच उठून गेले.

जानेवारीत प्रशांत टायफॉइडनं आडवा झाला आणि तोडीच्या चिठ्ठ्या बंद पडल्या. दुसऱ्या कुणाला ते मशीन चालवता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर प्रशांतनं कुणाला शिकवलंही नव्हतं. तोडकऱ्यांच्या टोळ्या बसून राहिल्या. “एका माणसाच्या तब्येतीवर कारखाना चालवायचा का?” सयाजीरावांनी बैठकीत शांतपणे विचारलं. बोलणं खरंच होतं. पुण्याची कंपनी परत आली, तोडीची यादी त्यांचाच माणूस लावू लागला आणि प्रशांतची बदली वजनकाट्यावर झाली.

पुढच्या हंगामात पहिल्याच आठवड्यात सयाजीरावांच्या ट्रॉल्या काट्यावर आल्या. प्रशांतनं निमूट वजन केलं. तोडीची चौकशी करायला आलेला म्हातारा शेतकरी केरबा बाजूला उभा राहून बघत होता.

“प्रशांतराव, माजी लागण ह्येंच्या आधीची. मग ह्येंचा ऊस आधी कसा? जरा बघून सांगा की.”

“आता मला बी दिसत न्हाई, तात्या.”

“गेल्या साली तर दावत हुतासा.”

केरबानं एकदा भरल्या ट्रॉलीकडे पाहिलं, एकदा प्रशांतकडे पाहिलं, आणि तो चालू लागला. ह्यालाही मॅनेज केलं, असं तो मनात म्हणत असणार, हे प्रशांतला कळलं आणि ते त्याला फार लागलं.